रुग्णालयातील रांगेचे गणित

रुग्ण दारातून आत येतो तिथपासून बाहेर पडेपर्यंतच्या त्याच्या वाटचालीला रुग्णप्रवाह म्हणतात. केसपेपर, तपासणी, रक्ताचे नमुने, एक्स-रे, पुन्हा डॉक्टर, गरज पडली तर दाखल होणे, वॉर्ड, शस्त्रक्रिया, आयसीयू, परत वॉर्ड आणि शेवटी डिस्चार्ज, असे या वाटेवरचे मुक्काम. त्यांतल्या प्रत्येक ठिकाणी उपचाराच्या कामी येणारा वेळ थोडा असतो. बाकीचा वेळ डॉक्टरची, रिपोर्टची, खाटेची, सहीची किंवा बिलाची वाट पाहण्यात जातो. सकाळी आठला ओपीडीत आलेला माणूस दुपारी एकला घरी निघतो तेव्हा डॉक्टरांपुढे तो जेमतेम दहा मिनिटे बसलेला असतो. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की रुग्ण, नातेवाईक आणि कर्मचारी तिघेही तो अटळ मानून चालतात.

ही वाट पाहणे नुसते गैरसोयीचे नसते. २०२२ साली इंग्लंडमधील ५० लाखांहून अधिक दाखल रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तातडीच्या विभागात आल्यापासून वॉर्डात जायला ज्यांना सहा ते आठ तास लागले, अशा दर ८२ रुग्णांमागे तीस दिवसांत एक जादा मृत्यू होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. स्ट्रेचरवर ताटकळणाऱ्या रुग्णावर उपचार चालू असले, तरी त्याच्याकडे वॉर्डातल्यासारखे सलग लक्ष राहत नाही, औषधाची वेळ टळते, बिघडलेली प्रकृती उशिरा ध्यानात येते. रुग्णालयातली रांग आवरणे हा म्हणूनच वैद्यकीय उपचाराचाच भाग आहे आणि तो तेवढ्याच गांभीर्याने हाताळायला हवा.

रांग का लागते

माणसे कमी आणि रुग्ण जास्त, हे रांगेचे पहिले कारण म्हणून सांगितले जाते. पुष्कळदा ते खरेही असते. पण मनुष्यबळ पुरेसे असतानाही रांग लागते. त्यामागचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे अभियंता आग्नर क्रारूप एर्लांग यांनी १९०९ मध्ये मांडायला सुरुवात केली. फोन कधी येईल आणि संभाषण किती लांबेल हे ठरलेले नसताना किती तारा ठेवायच्या, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. तारांच्या जागी खाटा आणि संभाषणाच्या जागी आजारपण ठेवले की तोच प्रश्न रुग्णालयाचा होतो.

समजा, एक डॉक्टर आहे, तपासणीला सरासरी दहा मिनिटे लागतात, आणि रुग्ण कधी येईल व तपासणी किती लांबेल या दोन्ही गोष्टी पूर्णपणे बेभरवशाच्या आहेत. डॉक्टरचा ८० टक्के वेळ कामात जात असेल, तर रुग्णाला सरासरी ४० मिनिटे थांबावे लागते. डॉक्टर ९० टक्के वेळ व्यग्र झाला की तीच प्रतीक्षा ९० मिनिटांवर जाते आणि ९५ टक्क्यांवर ती १९० मिनिटे होते. शेवटच्या टप्प्यात रुग्ण फार वाढलेले नसतात, पण वाट पाहणे दुपटीहून अधिक वाढते. डॉक्टरचे एक मिनिटही फुकट जाऊ नये म्हणून आखलेले वेळापत्रक रुग्णांचे तास खाते, हे या आकड्यांतून स्वच्छ दिसते. व्यवस्थापनाच्या बैठकांत मात्र भरलेल्या खाटांची टक्केवारी जितकी जास्त तितकी कामगिरी चांगली, असेच अजून मानले जाते.

दुसरे कारण चढउताराचे. एखाद्या रुग्णालयात रोज सरासरी ३० तातडीचे रुग्ण दाखल होत असतील आणि ते एकमेकांशी संबंध नसल्याप्रमाणे येत असतील, तर साधारण वीस-बावीस दिवसांतून एकदा हा आकडा ४० किंवा त्यापुढे जाणारच. त्यात कोणाची चूक नसते. सरासरीवर बेतलेली व्यवस्था त्या दिवशी कोलमडते आणि साचलेले रुग्ण पुढचे दोन-तीन दिवस खातात. बॉस्टनमधील संशोधक यूजीन लिटवाक यांनी यात एक अनपेक्षित गोष्ट दाखवून दिली. रुग्णालयाला सर्वांत जास्त हेलकावे अपघातग्रस्तांमुळे नव्हे, तर आधी तारीख देऊन केलेल्या शस्त्रक्रियांमुळे बसतात. शल्यविशारदांच्या सोयीने त्या आठवड्याच्या ठरावीक दिवसांत एकवटतात, त्या दिवशी आयसीयू भरते आणि तातडीच्या रुग्णाला जागा उरत नाही. म्हणजे निसर्गाने दिलेला चढउतार एकीकडे आणि माणसाने वेळापत्रकातून निर्माण केलेला दुसरीकडे. पहिल्याला सामोरे जायचे असते, दुसरा काढून टाकता येतो.

याच गणितातले आणखी एक सूत्र अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले. आत असलेल्यांची सरासरी संख्या ही येण्याचा वेग आणि मुक्कामाचा काळ यांच्या गुणाकाराएवढी असते. रोज ३० रुग्ण येतात आणि सरासरी चार दिवस राहतात, तर १२० खाटा कायम व्यापलेल्या असतात. मुक्काम अर्ध्या दिवसाने घटला तर १५ खाटा मोकळ्या होतात, त्याही एक वीट न रचता. आणि हा अर्धा दिवस बहुतेक ठिकाणी उपचारातून नव्हे, तर कागदपत्रांतून वाचवता येतो.

कारखान्यातून वॉर्डात

असा वाया जाणारा वेळ शोधून काढणाऱ्या लीन पद्धतीचा उगम जपानमधील टोयोटा कंपनीत, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात झाला. ताइइची ओनो यांनी तिथे उत्पादनाची जी रीत घडवली, तिचे सूत्र होते की ग्राहकाला ज्याचा उपयोग नाही असे प्रत्येक काम म्हणजे अपव्यय. गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, विनाकारण वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, विनाकारण हालचाल आणि सदोष काम असे त्याचे सात प्रकार त्यांनी सांगितले. या रीतीला ‘लीन’ हे नाव १९८८ मध्ये जॉन क्राफ्चिक यांनी एका लेखात दिले आणि १९९० मध्ये वोमॅक, जोन्स आणि रूस यांच्या मोटार उद्योगावरील पुस्तकाने ते जगभर नेले.

रुग्णालयांनी ती उचलली ती एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला. सिॲटलमधील व्हर्जिनिया मेसन या रुग्णालयाचे प्रमुख डॉ. गॅरी कॅप्लन २००२ मध्ये आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांना घेऊन जपानच्या कारखान्यांत गेले. मोटारींचे कारखाने पाहून रुग्णसेवा सुधारेल, यावर तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. परतल्यावर त्यांनी टोयोटाची एक प्रथा जशीच्या तशी घेतली. दोष दिसताच कोणताही कामगार उत्पादन थांबवू शकतो, तसेच रुग्णाला धोका दिसताच कोणताही कर्मचारी, मग तो सफाई करणारा का असेना, काम थांबवून वरिष्ठांना बोलावू शकेल. रुग्णालयाच्या उतरंडीत हा बदल लहान नव्हता. प्रतीक्षाकक्षांकडे पाहण्याची त्यांची नजरही बदलली. मोठा आणि सुंदर प्रतीक्षाकक्ष हे रुग्णसेवेचे नव्हे, रुग्ण अडकून पडल्याचे लक्षण आहे, असे ते मानू लागले.

ॲडिलेडच्या फ्लिंडर्स मेडिकल सेंटरने २००३ च्या अखेरीस तातडीच्या विभागात केलेला प्रयोग अधिक बोलका आहे. ऑस्ट्रेलियात रुग्णांची आजाराच्या तीव्रतेनुसार पाच गटांत विभागणी होते. कागदावर हे न्याय्य दिसते. पण खालच्या गटातल्या रुग्णाच्या पुढे प्रत्येक नवा गंभीर रुग्ण जातो, मग तो तासन्‌तास मागे ढकलला जातो आणि शेवटी न तपासताच निघून जातो. कर्मचाऱ्यांनी रुग्णाची सगळी वाट भिंतीवर मांडून पाहिली, तेव्हा ही रांगांमधली उलथापालथच वेळ खाते आहे, हे ध्यानात आले. त्यांनी जिवावरचे रुग्ण वगळता बाकीच्यांना दोनच प्रवाहांत विभागले : बहुधा घरी जातील असे आणि बहुधा दाखल होतील असे. प्रत्येक प्रवाहाला स्वतंत्र डॉक्टर-परिचारिकांचा गट दिला आणि आत क्रम ठेवला आल्या वेळेचा. विभागातली गर्दी उतरली आणि न तपासता निघून जाणाऱ्यांचे प्रमाण घटले. नवी खाट आली नव्हती, नवा डॉक्टरही नाही.

इंग्लंडमधील बोल्टनच्या रुग्णालयाने खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांची वाट अशीच सरळ केली. तिथे मुक्काम आणि मृत्युदर दोन्ही सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याची नोंद आहे. हे आकडे आधी आणि नंतरच्या तुलनेतले आहेत, त्यामुळे सगळे श्रेय लीनला देता येत नाही. मात्र वृद्ध रुग्ण शस्त्रक्रियेची वाट पाहत पडून राहिला की छातीत संसर्ग, अंगाला जखमा आणि अशक्तपणा वाढत जातो, हे वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक आहे. त्यामुळे दिशा विश्वासार्ह वाटते.

लीनचे काम नेहमी जागेवर जाऊन सुरू होते. रुग्णाबरोबर चालायचे, घड्याळ हातात ठेवायचे आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ गेला ते लिहायचे. भारतीय रुग्णालयातला डिस्चार्ज अशा रीतीने पाहिला तर काय दिसते? सकाळी दहाच्या राउंडला मोठे डॉक्टर ‘आज घरी’ असे सांगतात. डिस्चार्ज समरी लिहिणारा निवासी डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये असतो, त्यामुळे ती एकला तयार होते. मग उरलेली औषधे फार्मसीत परत जातात, ती जमा झाल्याशिवाय बिल होत नाही. बिल विमा कंपनीकडे किंवा तिचे दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे (टीपीए) जाते, तिकडून एखादा प्रश्न येतो, त्याला उत्तर जाते. पैसे भरल्यावर सिस्टर सलाईनची सुई काढतात, मावशी आवराआवर करतात. रुग्ण संध्याकाळी सहाला निघतो. खाट रिकामी झाल्याचे प्रवेश-कक्षाला कळायला आणखी तासभर जातो आणि तेवढा वेळ कॅज्युअल्टीत कोणीतरी त्याच खाटेसाठी थांबलेले असते.

या साखळीतली बहुतेक कामे एकापाठोपाठ होतात, ती सोबतीने होऊ शकतात. समरीचा मसुदा आदल्या दिवशी, औषधांची परतफेड आदल्या संध्याकाळी, घरी जाण्याची अपेक्षित तारीख दाखल होतानाच फलकावर. भारताच्या विमा नियामकाने मे २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकाने कॅशलेस रुग्णाच्या डिस्चार्जला तीन तासांत अंतिम मंजुरी देणे विमा कंपन्यांना बंधनकारक केले आणि त्याहून उशीर झाल्यास वाढलेला खर्च कंपनीने सोसावा असे ठरवले. साखळीतली एक कडी त्यामुळे बाहेरून आवळली गेली आहे. बाकीच्या कड्या रुग्णालयाच्या स्वतःच्या आहेत.

आपल्याकडे लीन हे नाव न घेताही त्याचे उत्तम उदाहरण उभे राहिले आहे. मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयात शल्यविशारद दोन टेबलांच्या मध्ये बसतो. एका टेबलावर मोतीबिंदू काढून होईपर्यंत दुसऱ्यावरचा रुग्ण तयार असतो. सर्जनने फक्त सर्जनचे काम करावे, बाकी सगळे खास प्रशिक्षण दिलेल्या साहाय्यक मुलींनी सांभाळावे, ही त्यामागची आखणी. ती चालते याचे एक कारण असे की मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला लागणारा वेळ फारसा बदलत नाही. तातडीच्या विभागात ही अट मोडते आणि तिथेच लीनची मर्यादा सुरू होते.

लीनमध्ये भिंतीवर मांडलेला रुग्णाच्या वाटेचा नकाशा सरासरी दाखवतो. सोमवारी सकाळी आणि रविवारी रात्री काय होते, तीन ठिकाणी एकदम गर्दी झाली तर कुठे तुंबेल, एक अडथळा काढला तर दुसरा कुठे उभा राहील, हे तो सांगत नाही. भारतात २०२२ पासून अनेक सरकारी रुग्णालयांत ओपीडीच्या नोंदणीसाठी क्यूआर कोड मोबाइलवर स्कॅन करून टोकन घेण्याची सोय झाली. केसपेपरच्या खिडकीवरची रांग त्याने आखूड होते, हे मोठेच काम आहे. पण डॉक्टरांची संख्या तीच राहिली तर तीच माणसे आता लवकर डॉक्टरांच्या दाराशी जमतात. कोणता बदल प्रतीक्षा खरोखर कमी करतो आणि कोणता ती फक्त दुसरीकडे नेतो, हे आधी कळायचे तर वेगळे साधन लागते.

संगणकातले रुग्णालय

ते साधन म्हणजे सिम्युलेशन. त्याची रुग्णालयातली सुरुवात संगणकाशिवाय झाली. १९५२ मध्ये ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी यादृच्छिक अंकांच्या तक्त्यांवरून कागदावर काल्पनिक ओपीडी चालवली : अमुक रुग्णाला सात मिनिटे लागली, पुढच्याला तीन, त्यापुढच्याला बारा. अशा अनेक ओपीडींचा हिशेब मांडून त्यांनी नियम काढला की सुरुवातीच्या वेळेला दोन रुग्णांना बोलवावे आणि बाकीच्यांना सरासरी तपासणीच्या अंतराने एकेक. सगळ्यांना नऊ वाजता बोलावण्याची पद्धत डॉक्टरची काही मिनिटे वाचवते आणि रुग्णांचे तास घालवते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. सत्तर वर्षांनंतरही ‘सगळ्यांनी सकाळी नऊला यावे’ असे कार्ड हाती दिले जाते, याचा खेद वाटतो.

आजचे मॉडेल तत्त्वतः तेच करते. रुग्ण तासागणिक कसे येतात, वारांनुसार आणि ऋतूनुसार संख्या कशी बदलते, कोणत्या आजाराचा रुग्ण किती दिवस राहतो, किती खाटा, किती डॉक्टर, कोणाला प्राधान्य, हे सगळे नियम संगणकाला दिले जातात. मुक्कामाची सरासरी देऊन भागत नाही, किती रुग्ण किती दिवस राहतात याची पूर्ण विभागणी द्यावी लागते, कारण चार-पाच रुग्ण महिनाभर राहतात आणि तेच वॉर्ड अडवतात. मग संगणकातले घड्याळ एका घटनेवरून पुढच्या घटनेवर उडी मारत जाते : रुग्ण आला, खाट मिळाली, रिपोर्ट आला, घरी गेला. वर्षभराचा कारभार काही सेकंदांत होतो. सुरुवातीला रुग्णालय रिकामे असते म्हणून पहिले काही आठवडे हिशेबात धरत नाहीत. वेगवेगळ्या यादृच्छिक अंकांनी तेच वर्ष शेकडो वेळा चालवले जाते, कारण एका वर्षाचे चांगले निकाल नशिबाचेही असू शकतात. आधी मॉडेलला गेल्या वर्षाचे रुग्णालय हुबेहूब उभे करता येते का, हे तपासतात. ते जमल्यावरच ‘असे केले तर’ हा प्रश्न विचारायचा.

या कामातला गाजलेला आकडा १९९९ चा आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बॅगस्ट, प्लेस आणि पॉस्नेट यांनी एका काल्पनिक रुग्णालयाचे मॉडेल मांडले. सरासरी ८५ टक्क्यांहून जास्त खाटा भरलेल्या असतील तर खाट न मिळण्याचा धोका जाणवू लागतो आणि ९० टक्क्यांपासून पुढे टंचाई नित्याची होते, असे त्यात दिसले. पुढे ८५ टक्के हा जणू निसर्गनियम असल्यासारखा सगळीकडे लावला गेला. ते चूक होते. हजार खाटांच्या रुग्णालयात चढउतार एकमेकांत मुरतात, तिथे ९० टक्केही निभावते. तीस खाटांच्या वॉर्डात ८५ टक्क्यांवरच रुग्ण परत पाठवावे लागतात. आकडा उसना घेण्यापेक्षा मॉडेल आपले करावे, हा त्याचा खरा धडा होता.

सकाळी लवकर डिस्चार्ज या उपायाची कथा हेच अधिक ठळकपणे सांगते. अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॉडेलमध्ये डिस्चार्जची गर्दी चार तास अलीकडे आणल्यावर तातडीच्या विभागात खाटेसाठी थांबणे जवळपास नाहीसे झाले. सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटी हॉस्पिटलने हे २००९ पासून प्रत्यक्षात केले. दुपारी बाराआधी घरी जाणाऱ्यांचे प्रमाण १३ वरून २६ टक्क्यांवर नेले. दिवसभराच्या सरासरी प्रतीक्षेत त्याने फारसा फरक पडला नाही. पुढे तपशीलवार मॉडेल केल्यावर उलगडा झाला. तिथे खाट असूनही ती नेमून देण्यात, वॉर्डाने होकार कळवण्यात आणि रुग्णाला हलवण्यात वेळ जात होता. डिस्चार्ज आणखी बराच लवकर झाला आणि सोबत हे विलंबही आवरले, तरच परिणाम दिसणार होता. एकच औषध दोन रुग्णांना वेगवेगळे लागू पडते हे मानणाऱ्या व्यवसायाने एकच उपाय सर्व रुग्णालयांना लावू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

दोघांची सांगड

सिम्युलेशनची दुखरी बाजू ही की बहुतेक मॉडेले कपाटात राहतात. १९८१ मधील एका आढाव्यात आरोग्यसेवेतील दोनशेहून अधिक प्रकल्प तपासले, तेव्हा अंमल झाल्याची नोंद फक्त १६ ठिकाणी सापडली. तज्ज्ञ बाहेरून येतो, सहा महिने माहिती गोळा करतो, तोवर वॉर्डाची प्रमुख बदलून गेलेली असते आणि अहवाल कोणालाच आपला वाटत नाही. लीनमध्येही निराशा आहे. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांताने सुमारे चार कोटी डॉलरचा सल्लागार करार करून प्रांतभर लीन राबवले. परिचारिकांचा विरोध आणि टीका झाली आणि तो करार ठरल्या मुदतीआधी संपवला गेला. जपानी शब्द आणि रंगीत पट्ट्या आल्या, पण निर्णय वरूनच होत राहिले, की सिस्टरांना ते वाढीव कामच वाटते. ही तक्रार रास्त असते.

इंग्लंडमधील संशोधक स्ट्युअर्ट रॉबिन्सन, झो रॅडनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन उणिवा एकमेकांनी भरून काढायचे ठरवले. २०१२ मध्ये त्यांनी ‘सिमलीन’ नावाने मांडलेल्या रीतीत सिम्युलेशन तीन कामे करते. पहिले शिकवण्याचे : एक छोटे तयार मॉडेल पडद्यावर चालवून चढउतार आणि रांग यांचे नाते कर्मचाऱ्यांना दाखवायचे. दुसरे काम कार्यशाळेतले. डॉक्टर, सिस्टर, लॅबचे आणि नोंदणीचे लोक एकत्र बसून भिंतीवर नकाशा करतात, त्यावरून मॉडेल बनवणारा तासा-दोन तासांत एक ओबडधोबड मॉडेल उभे करतो आणि ते सर्वांसमोर चालते. आकडे अंदाजाचे असतात. पण ‘आमच्याकडे असे होत नाही’ असे कोणी म्हणाले की जिथे बिनसते ती जागा सापडते आणि वाद माणसांवरून कामाच्या रचनेवर येतो. तिसरे काम मोजमापाचे, पूर्ण माहितीवर आधारलेल्या मॉडेलचे. त्याची गरज मोठा खर्च किंवा न परतवता येणारा बदल असेल तेव्हाच. या तिन्हींतले दुसरे काम सर्वांत मोलाचे आहे. मॉडेल ज्यांनी आपल्या डोळ्यांदेखत घडताना पाहिले, तेच त्याचा निष्कर्ष दुसऱ्या दिवशी वॉर्डात नेतात.

शंभर खाटांच्या रुग्णालयालाही हे आवाक्याबाहेरचे नाही. बाजारात सिम्युलएट, अरेना, एनीलॉजिक अशी विकत मिळणारी सॉफ्टवेअर आहेत, तर पायथन भाषेतले सिमपाय आणि आर भाषेतले सिमर विनामूल्य मिळतात. अडते ते माहितीपाशी. बिलिंगच्या प्रणालीत पैशांची नोंद अचूक असते, वेळेची नसते. डॉक्टरांनी घरी जायला सांगितले ती वेळ, समरी तयार झाली ती वेळ, बिल पूर्ण झाले ती वेळ, रुग्ण खाटेवरून उठला ती आणि खाट पुन्हा तयार झाली ती, अशा पाच वेळा प्रत्येक रुग्णामागे लिहून ठेवल्या तर दोन-तीन महिन्यांत पहिले कच्चे मॉडेल चालू शकते. पावसाळ्यातल्या डेंग्यू-मलेरियाच्या लाटेसाठी खाटा किती राखायच्या, हे विचारायचे असेल तर मात्र किमान एका पूर्ण वर्षाची नोंद हाताशी लागते, आणि शक्य तर दोन वर्षांची, कारण प्रत्येक पावसाळा सारखा नसतो.